गाडी जेवली, अप्पा उपाशी

माझ्या सासऱ्यांनी पेट्रोल सोडलं तेव्हा मी समोरच होते. लोक दारू सोडतात, तंबाखू सोडतात, गुरुवारी मीठ सोडतात. अप्पांनी पेट्रोल सोडलं, तेही माझ्या स्कूटरवर मागे बसलेले असताना, हुमनाबादच्या हायवेवरच्या पंपावर, पाठीमागे सात-आठ गाड्या हॉर्न वाजवत असताना.

उन्हाळा नुकताच लागला होता. अप्पांना नवा चष्मा करून आम्ही परत निघालो होतो. तो चष्माच नडला. कित्येक वर्षांनी त्यांना लांबचं स्वच्छ दिसायला लागलं होतं आणि दिसेल ते मोठ्यानं वाचत ते मागे बसले होते. दुकानांच्या पाट्या, लॉरीच्या पाठीवरची शायरी, एका दवाखान्याची मूळव्याधीची जाहिरात. आमचा भाग सीमेवरचा, तेव्हा कानडी असो की मराठी, सगळं माझ्या कानात. पंपावर आलो तर तिथं एक हिरवा फलक होता. त्यावर पान, उसाचं कांडं आणि पिवळंधमक मक्याचं कणीस.

"टीचरबाई, हे कणीस कामून काढलंय हितं?"

मी सरकारी हायस्कुलात कानडी शिकवते. सासरी आले त्या दिवसापासून अप्पांनी मला नावानं हाक मारलेली नाही. टीचरबाईच.

"पेट्रोलात घालतेत अप्पा," मी म्हणाले. "मका दळून, आंबवून त्याचं इथेनॉल करतेत आनी मिसळतेत."

"पेट्रोलात मका?"

"व्हय."

"खायाचा?"

तिथं मी गप्प बसले असते तर पुढचं वर्ष शांततेत गेलं असतं. पण नळी धरून उभ्या असलेल्या माणसाला राहवलं नाही. तो म्हणाला, "चावल बी पड़ता चचा. टुकड़ा चावल."

अप्पा उतरले. धोतराचा सोगा सारखा केला, चष्म्याची डबी खिशात घातली आणि म्हणाले, "मी जेवनावर बसत न्हाई."

मला वाटलं, चेष्टा करायलेत. पैसे देऊन मागे वळते तर अप्पा हायवे ओलांडून आमच्या गावाच्या रस्त्याला लागलेले. पायी गाव दीड तासावर. मी स्कूटर त्यांच्या चालीनं हळूहळू चालवत मैलभर विनवत गेले. ते समोर बघून चालत होते. शेवटी म्हणाले, "तू हो म्होरं. ती बिचारी उगंच जेवायलीय तुज्याखाली." ती म्हणजे स्कूटर.

अप्पांविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर ते कुणी साधुपुरुष होते असा समज व्हायचा. ते साधुपुरुष नव्हते. पत्त्यात लबाडी करायचे, स्वतःच्या आवाजावर खूश असायचे, आणि घरात कुणी दुसरं बोलायला लागलं की त्यांना खोकला यायचा. पण अन्नाच्या बाबतीत ते कडक. गळ्यात लिंग, सकाळी पूजा, आणि जेवण झालं की ताटात पाणी ओतून, बोटानं ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायचं. आमच्या लोकांत जुन्या पिढीची ही रीत आहे. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मला ओकारी आली. नंतर सवय झाली. माझ्या ताटातला टाकलेला कढीपत्ताही ते उचलून खायचे, त्याची मात्र आजवर सवय झाली नाही.

खळ्यावर रास उचलून झाली की अप्पा उकिडवे बसून मातीतून दाणा न् दाणा वेचत. जोंधळा हे त्यांचं पीक. मूग-उडीद निघाले की दिवाळीच्या आगेमागे जोंधळा पेरायचा आणि शिवरात्रीपर्यंत तो उभा राहायचा. त्या काळ्या रानात दुसरं काही उगवू शकतं हे त्यांना ठाऊक होतं, मान्य नव्हतं.

आणि माझ्या नवऱ्यानं नेमका मका लावायचं काढलं होतं.

आमच्या गावापासून जवळ रस्त्यापलीकडे एक कारखाना आहे. आधी तो उसाच्या मळीपासून स्पिरीट काढायचा. ऊस संपला की चार-सहा महिने बंद. आता त्यांना बारा महिने चालवायचा होता, म्हणून धान्यापासून इथेनॉल काढायचं ठरलं होतं. गावोगावी माणसं फिरून मका लावा म्हणून सांगत होती. नवऱ्यानं त्यांच्याकडून एक रंगीत कागद आणला होता. त्यात एक शेतकरी पांढऱ्या शर्टात मक्याच्या रानात उभा राहून हसत होता. आमच्या भागात पांढरा शर्ट घालून रानात फक्त पुढारी जातात.

पेट्रोल सोडल्याची बातमी घरात पोचली तेव्हा नवरा हसला. मग चिडला.

"अप्पा, मका आपन खातो का? कोंबड्या खातेत. तुमी तर अंडंबी खात न्हाईत. मग कोंबड्यांसाठी कामून भांडायलात?"

"मी मक्यासाठी भांडंना," अप्पा म्हणाले. "मका निगेस्तोवर जोंधळ्याची पेरनी जाती. जोंधळ्याचं रान तुजा मका खातोय, आनी मक्याला गाडी खाती. मग जोंधळ्याला कोन खाल्लं?"

"जोंधळा खानारं कोन ऱ्हायलंय? तुमचे नातू पुन्याला चपाती खायलेत."

"ते पुन्याला गेले मनूनच गहू खायलेत."

या वाक्याचा अर्थ कुणालाच लागला नाही, अप्पांनाही नाही. पण त्यांना खोकला आला आणि चर्चा संपली.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा पायी. बस चालेल का, याची त्यांनी रीतसर चौकशी केली. सरकारी बसच्या कंडक्टरला दारातच अडवून विचारलं, "ह्या गाडीत मका हाय का?" कंडक्टर कानडीत म्हणाला, "अज्जा, डिझेलची गाडी हाय. हिच्यात धुरासिवाय काय न्हाई." तेव्हा बस चालणार होती. फक्त आमच्या गावाला ती दिवसातून दोनदा यायची, आणि तीही तिच्या मर्जीनं.

माझी शाळा हुमनाबादच्या वाटेवर. अप्पांचा रोजचा सकाळचा फेराही त्याच वाटेवर. सोबतीच्या म्हाताऱ्यांबरोबर हॉटेलात बसून पेपर वाचायला ते जात. पूर्वी मी त्यांना सोडायचे. आता मी स्कूटरवरून जायचे तेव्हा ते रस्त्याच्या कडेनं चालत असायचे, डोक्याला पंचा, कपाळावर विभूती, घामानं ओघळलेली. मी थांबायचे. "बसा अप्पा." ते हात हलवायचे. मी पुढे जायचे. हे रोज, अख्ख्या गावादेखत.

आठवड्यात बोलणं सुरू झालं. सून स्कूटरवर, सासरा पायी. इथेनॉलचं शास्त्र कुणाला सांगत बसणार? विहिरीवरच्या बायका मी आले की गप्प व्हायला लागल्या. भावजयीचा फोन आला, "काय भांडन झालंय का तुमच्यात?" शेवटी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि म्हाताऱ्या माणसांची सेवा या विषयावर मला पाव तास ऐकवलं. मी सांगितलं, "मॅडम, त्यांना स्कूटरवर बसायचं नाही, कारण पेट्रोलात मका आहे." त्या म्हणाल्या, "कारण तरी जरा बरं शोधायचं."

मी त्या दिवशी संतापून घरी आले. अप्पा ओसरीवर तळपाय वर करून बसले होते. दोन्ही पायांना फोड. एक फुटून चिघळलेला. मला राग गिळावा लागला.

"चला दवाखान्यात."

"पायी चलतो."

"ह्या पायानं?"

मी किल्ली हातात घेऊन उभी. शेवटी अप्पांनी तोडगा काढला. माझ्या सासऱ्यांचा हा गुण मी कधी नाकारला नाही. तत्त्व मोडायची वेळ आली की ते तत्त्वाचं पोटकलम काढतात.

"बसतो," ते म्हणाले. "पन ज्या दिवशी गाडीवर बसलो त्या दिवशी एक येळ जेवनार न्हाई. गाडी जेवली, मी न्हाई. हिसोब बरोबर."

तसं सुरू झालं. आठवड्यातून तीन-चार दिवस अप्पा एक वेळ उपाशी. आता गावात नवं बोलणं निघालं, की सून म्हाताऱ्याला जेवायला घालत नाही. यात मला भांडायलाही जागा नव्हती, कारण म्हातारा खरंच उपाशी होता. मी भाकरी थापून ठेवायचे आणि ते सात्त्विक चेहरा करून पाणी प्यायचे. नवरा म्हणाला, "चार दिस. भूक लागली की मका गोड लागतो."

चार नव्हे, तीन आठवडे गेले. अप्पा वाळतील असं मला वाटत होतं. ते वाळेनात. उलट गाल जरा वर आले. मग एका बुधवारी शाळा लवकर सुटली आणि मी हुमनाबादच्या बसस्टँडसमोर कोथिंबीर घ्यायला गेले. समोरच्या हॉटेलात, भिंतीकडे तोंड करून, एक ओळखीचा पंचा दिसला. मी आत गेले. अप्पांसमोर मिरची भज्यांची प्लेट होती, दुसरी संपलेली तिच्याखाली दडवलेली.

त्यांनी मला पाहिलं. तोंडात अख्खं भजं होतं, त्यामुळे बोलता येईना. मी समोरची खुर्ची ओढून बसले. त्यांनी सावकाश चावून गिळलं आणि म्हणाले, "हे जेवन न्हाई. हे तळन हाय."

"व्हय अप्पा."

"घरी सांगनार का?"

"एक भजं द्या, मग बगू."

त्यांनी प्लेट माझ्याकडे सरकवली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. सासऱ्यांबरोबर हॉटेलात बसून मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्लं. परतताना स्कूटरवर ते लॉरीच्या पाठीवरचं पुन्हा मोठ्यानं वाचायला लागले. उपासाचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

मे महिन्यात कारखान्याची सुनावणी लागली. धान्याचा नवा प्लँट उभारायचा तर गावकऱ्यांचं म्हणणं ऐकावं लागतं, असा कायदा आहे. कारखान्याच्या फाटकाबाहेर मांडव, खुर्च्या, कूलर, उप्पीट आणि चहा. जिल्ह्याहून साहेब आले होते. ते म्हैसूरकडचे. मराठीचं अक्षर त्यांना कळत नव्हतं. आमच्या गावातला कुत्रासुद्धा दोन्ही भाषांत भुंकतो. पण माईकसमोर उभं राहून मनातलं बोलायचं तर लोक मराठीतच बोलणार. तेव्हा मराठीचं कानडी करून साहेबांना सांगायला कुणीतरी हवं होतं. माझी नेमणूक झाली. साहेबांच्या शेजारी खुर्ची, समोर पाण्याची बाटली. मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

पहिल्यांदा माझा नवरा उठला. तो चांगलं बोलला. पेट्रोल बाहेरच्या देशातून किती दिवस आणायचं, मक्याला आजवर एकच गिऱ्हाईक होतं, आडत्या सांगेल तो भाव, आता दुसरं गिऱ्हाईक दारात आलंय तर नको कशाला म्हणायचं. फुटका तांदूळ, भिजून काळं पडलेलं धान्य गोदामात कुजतं, त्याचं काहीतरी होईल. मी कानडीत सांगितलं. साहेब मान डोलावत लिहून घेत होते. मला नवऱ्याचा जरा अभिमान वाटला.

मग अप्पा उठले. माईक त्यांनी असा धरला की तो आता संध्याकाळपर्यंत सुटत नाही हे मी ओळखलं.

"टीचरबाई, ह्या साहेबाला सांग," अप्पा म्हणाले, "एक म्हैना मी भाकर खातो आनी तुमी पेट्रोल प्या. म्हैन्याभरानं बगू, कुनाचं इंजिन चालू ऱ्हातंय."

मांडवात हशा पिकला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना कानडीत म्हणाले, "वडीलधारे म्हणतात की अन्नधान्याचा वापर विचारपूर्वक व्हायला हवा."

"टीचर!" मागून कुणीतरी ओरडलं. "इंजिन कुठं गेलं?"

"पेट्रोल प्यायचंबी सांगितलं न्हाईत!"

तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या मांडवात भाषांतराची गरज एकट्या साहेबांना आहे, आणि बाकीचे तीनशे लोक माझा पेपर तपासायला बसलेत. मी लाजून सगळं होतं तसं सांगितलं. साहेबही हसले. अप्पांना चेव आला. ते म्हणाले, दाणा म्हणजे देव, देवाला इंजिनात घालणाऱ्याला पुढच्या जन्मी टायर व्हावं लागेल. हेही मी जसंच्या तसं सांगितलं. मग ते वळले ते मुलाकडे. "आनी हा माजा पोरगा. ह्यानं खळ्यावर येक दाना उचलला न्हाई कधी. त्येला रंगीत कागद दावला की मका दिसतो." नवऱ्यानं मान खाली घातली. मी ते वाक्यही कानडीत सांगितलं. बायको म्हणून नको वाटत होतं, पण तीनशे परीक्षक बसले होते.

टाळ्या पडल्या. अप्पा आपल्या जागी जाऊन बसले, पंच्यानं वारा घेत.

त्यानंतर बायकांच्या रांगेतून अक्का उठली. बुद्धविहाराच्या गल्लीतली ही अक्का वीस वर्षं आमच्या शेतात कामाला येत होती. वय साठीच्या आसपास, बारीक, ताठ. तिची मुलगी कडगंचीला ऑफिसात नोकरीला आहे. तिनंच आईला ढकलून आणलं होतं आणि ती शेजारी बसली होती. अक्का माईकपाशी आली, डोक्यावर पदर घेतला, मग काढून टाकला.

"हे बाप-लेक भांडायलेत," ती म्हणाली. "येक मनतो गाडीला घाला, येक मनतो देवाला घाला. आमाला कुनी इचारलं का?"

मी भाषांतर केलं. या वेळी मागून कुणी ओरडलं नाही.

"जोंधळा काढायला गेलं की कनसात वाटा असायचा साहेब. वर्साची भाकर निगायची. म्हशीला कडबा यायचा. मका आला तसं हातावर नोट ठेवतेत. नोट उकडून खाता येत न्हाई. आनी फुडल्या साली मका काढायला मशीन येनार मनतेत. ह्या कारखान्यात आमच्या गल्लीतल्या किती बायांना काम देनार, तेबी कुनी बोलंना."

साहेब लिहीत होते. अक्का जाईल असं वाटलं. ती गेली नाही. ती अप्पांकडे वळली.

"अप्पा दान्याला देव मनतेत. खोटं न्हाई. ताट धुऊन पानी पितेत, मी बगितलंय. पन वीस वर्सांत अप्पांनी मला कधी इचारलं न्हाई, बाई, तुज्या ताटात काय हाय. मी ह्यांच्या वट्याखाली बसून जेवले, ताट घरून घिऊन."

आमच्या घरात जातपात मानत नाहीत. हे आम्ही सगळ्यांना सांगतो. दिवाणखान्यातल्या, जात मोडा म्हणणाऱ्या संताच्या फोटोवरूनही ते कळतं. अक्काचं ताट मात्र खरोखर तिचं होतं, जर्मलचं, कडेला चेपलेलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी त्यात वरून भाजी वाढत आले होते. वरून म्हणजे ताटाला पळी लागणार नाही अशी. मला त्या पळीची उंचीसुद्धा आठवली.

साहेब माझ्या कानडीची वाट पाहत होते. मी सांगायला लागले. "माझ्या ताटात काय आहे, हे विचारलं नाही." एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. अप्पा पंचा मांडीवर ठेवून बसले होते. खोकला आला नाही.

दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. घरात इतकी शांतता आम्ही पहिल्यांदाच अनुभवत होतो. नवऱ्याला तर करमेना. तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पा मला म्हणाले, "टीचरबाई, अक्काकडं जायचंय. चल."

त्याआधी ते तिला 'ए बाई' म्हणायचे.

"मी कशाला?"

"भाषांतराला."

दोघंही एकच मराठी बोलतात. तरी मी गेले. गावातल्या गावात, शंभर पावलांचा रस्ता. मी या गावात नांदायला येऊन इतकी वर्षं झाली, त्या गल्लीत मी मतदार यादीच्या कामासाठी तेवढी गेले होते. अक्का दारात तांदूळ निवडत होती. रेशनचा तांदूळ. आम्हाला पाहून ती उठली नाही.

"या," ती म्हणाली. "बसा. खुर्ची येकच हाय."

अप्पा खाली बसले. त्यांनी तांदळातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला इचार, काय पायजे मनून."

"मी हितंच हाय अप्पा," अक्का म्हणाली. "मलाच इचारा."

"काय पायजे?"

"विहिरीखालचं दोन एकर जोंधळ्याला ठिवा. काढनीला आमच्याच बाया घ्या. कनसात वाटा, पयलेसारका. कडबा अर्धा."

"अर्धा जास्त होतोय."

"मग कामून आलाव?"

अप्पांनी डोकं खाजवलं. कडब्यावर दोघांची घासाघीस झाली, ती मी इथं सांगत नाही. त्यात दोघांचीही शोभा झाली. शेवटी ठरलं. अप्पा उठायला लागले तेव्हा अक्का म्हणाली, "जेवून जावा." आणि ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मीही बघत होते.

"वाढ," अप्पा म्हणाले.

भात आणि पातळ वरण. वर कांदा. अप्पा जेवले, मी जेवले. जेवण झाल्यावर अप्पांनी सवयीनं ताटात पाणी ओतलं, धुतलं आणि पिऊन टाकलं. अक्का म्हणाली, "बरं झालं. येक ताट घासायचं वाचलं." आणि पहिल्यांदाच हसली.

नवऱ्याला विहिरीखालचं दोन एकर सोडायचं अजिबात नव्हतं. तिथं पाणी हाताशी. त्यानं दोन दिवस दारं आपटली. मी त्याला सुनावणीतलं त्याचंच भाषण ऐकवलं, एकच गिऱ्हाईक बरं नव्हे वगैरे. "मग रानातबी एकच पीक कामून?" मी म्हणाले. तो म्हणाला, "तू भाषांतर करायलीस का बापाची बाजू घ्यायलीस?" पण पेरणीच्या वेळी ते दोन एकर मुगाला गेले, मागून जोंधळ्यासाठी. बाकी सगळा मका.

कारखान्याला मंजुरी मिळाली. आमच्या सुनावणीमुळे मिळाली की आमच्या सुनावणीला न जुमानता मिळाली, हे कळलं नाही. अक्काच्या गल्लीतल्या चार बायकांना झाडलोटीचं काम दिलं, एवढं मात्र झालं. अक्का म्हणाली, चारच कामून, आणि तिनं मुलीकडून नवा अर्ज लिहून घेतला. पुढच्या वर्षी प्लँट सुरू झाला तेव्हा वारा पूर्वेचा असला की गावात आंबलेल्या पिठासारखा वास यायचा. अप्पा नाकाला पंचा लावून म्हणायचे, "गाडीचा सैपाक चाललाय."

त्या वर्षी आमचा मका झकास आला. नवऱ्यानं ट्रॅक्टर भरला, पुढे हार घातला, आणि पांढरा शर्ट घालून कारखान्याला निघाला. दुपारी परत आला, ट्रॅक्टर भरलेलाच. मक्यात ओल जास्त आहे म्हणून फाटकावर परत पाठवलं होतं. वाळवून आणा म्हणाले. त्याचा चेहरा पाहून मी काही विचारलं नाही. अप्पांनीही विचारलं नाही, आणि हे त्यांना फार जड गेलं असणार.

एवढा मका वाळवायला अंगण पुरेना. हायवेच्या बाजूचा नवा डांबरी रस्ता रिकामा असतो, तिथं आमच्याकडे सगळेच धान्य वाळत घालतात. आम्हीही घातला. पिवळा लांबलचक पट्टा. आता राखण कुणी करायची? नवऱ्याला जोंधळ्याच्या पेरणीकडे बघायचं होतं, मला शाळा. मी संध्याकाळी परत येते तर अप्पा मैलाच्या दगडावर बसलेले, हातात काठी, डोक्याला पंचा, आणि शेळ्यांना शिव्या देत होते. मधूनच उठून पायानं मका उलथायचे. मोटरसायकलवाला मक्यावरून चाक घालून गेला की काठी उगारून ओरडायचे, "अरे, खाली बग की गा, दाना हाय!"

मी स्कूटर थांबवली. "अप्पा, हा तर गाडीचा मका."

"गाडीत जाईस्तोवर दानाच हाय," ते म्हणाले. "तू पानी आनलीस का?"

तीन दिवस ते राखण करत बसले. मका कडकडीत वाळला. चौथ्या दिवशी नवरा घेऊन गेला आणि कारखान्यानं घेतला. वजन त्याच्या अंदाजापेक्षा बरंच कमी भरलं. ओल गेली म्हणून घटलं, असं तो आजही सांगतो, आणि वाळवणीत किती वजन जातं याचं उदाहरण म्हणून लोकांना आमचा मका देतो.

मला मात्र राखणीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रस्त्यावर अक्का भेटली होती. डोक्यावर अर्धं पोतं. मी विचारलं, "अक्का, काय न्यायलीस?"

"कोंबड्यांना खाद्य," ती म्हणाली. "अप्पांनी दिलंय. वल्लं हाय मनले, फेकून द्यायचं व्हतं." आणि तिनं पोतं दुसऱ्या हातानं सावरलं आणि गल्लीकडे वळली.